फवारासाहेबांचा गालिचा

कुणाच्याही घरी गेले की साहेब आधी उंबऱ्याच्या आत उकिडवे बसायचे, दोन्ही हात फरशीवर टेकायचे आणि नाक खाली नेऊन चांगला लांब वास घ्यायचे. यजमान चहाचं सांगून बाहेर येतो, तर पाहुणा जमिनीला लागलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, माणसाला चक्कर आली. कुणी पाण्याचा तांब्या घेऊन धावायचं, कुणी दंडाला धरून उठवायला बघायचं. मग साहेब आपले आपण उठत, गुडघे झटकत आणि विचारत, "फिनेल कामून टाकलं?"

"मुंग्या होतात, साहेब."

"अन् मांजर हाय की घरात. तुमी चाटता का फरशी?"

या प्रश्नाला सभ्य माणसानं काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा. "नाही" म्हणावं तर साहेब लगेच म्हणत, "मंग तुमाला काय कळनार? मांजर फरशीवर चालतंय, मंग पाय चाटतंय. म्हंजे तुमचं फिनेल त्याच्या पोटात." एवढं बोलून ते खुर्चीवर बसत आणि चहा मात्र आवडीनं पीत. कॉलनीतल्या बऱ्याच घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं होतं. त्यानं त्यांचं काही अडलं नाही. बोलावण्याची वाट बघणारा तो माणूसच नव्हता.

माझ्यावर तर त्यांचा खास डोळा होता. परभणीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी माझं जनरल स्टोअर आहे. फिनेल, अ‍ॅसिड, डांबरगोळ्या, गालिचे धुवायच्या फेसाचे डबे, सगळं ठेवतो. धंदाच आहे तो. साहेब सकाळी दूध न्यायला येत आणि दुधाची पिशवी हातात धरून काउंटरला टेकून उभे राहत, ते घरून हाक येईपर्यंत. एखाद्या बाईनं बाटली मागितली रे मागितली, की हे ती माझ्या हातातून घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि पाठीमागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचत.

"'पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा.' ऐकलं का, ताई? प्राणी बी घरात, बाटली बी घरात. दूर म्हंजे कुटं ठेवावं मानसानं? जिंतूरला?"

ताई हसायच्या, बाटली परत करायच्या आणि साबणाची वडी घेऊन चालू लागायच्या. "साहेब, माझ्या पोटावर पाय देऊ नका," असं मी हात जोडून म्हणालो की ते मलाच समजावत. "शेठ, रिठे ठेवा रिठे. खायचा सोडा ठेवा. सिरका ठेवा, त्ये व्हिनेगर. इकायचंच हाय तर बिनविषाचं इका की." शेवटी मी रिठ्यांचं एक पोतं आणून ठेवलं, निव्वळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून. तोंड काही बंद झालं नाही, पण रिठे खपले.

आता गंमत ऐका. हा माणूस शेती खात्यात नोकरीला होता. उभी हयात पेडगाव, ताडकळस, पोखर्णी अशा गावांतून मोटारसायकलवर फिरून कापसावर काय फवारायचं, सोयाबीनवर काय फवारायचं, हेच सांगत गेला. नावच पडलं होतं, फवारासाहेब. खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल. त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

एकदा पेडगावचे एक म्हातारे शेतकरी माझ्या दुकानात आले होते. साहेब नेमके एका बाईला डांबरगोळ्यांवरून झापत होते. म्हातारबा बघतच राहिले. "आरं, हेच का ते फवारासाहेब? आमाला तर म्हनायचे, आळी मरंना तर अजून एक फवारा घ्या. अन् आता ह्यायला डांबराच्या गोळ्या बी चालंनात?"

दुकानातले सगळे हसले. मला वाटलं, साहेब आता चवताळणार. पण ते चवताळले नाहीत. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "तवा मला वाटायचं, पानं कोन चाटायलंय."

त्या दिवशी ते घरून हाक यायच्या आधीच निघून गेले.

ही सगळी उठाठेव सुरू झाली ती एका मांजरीपायी. निवृत्तीनंतर साहेब ताडकळसच्या बाजाराला गेले होते, उगंच, सवय म्हणून. तिथं सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यात त्यांना हे पिल्लू सापडलं. पिवळसर रंग, शेपटीचं टोक पांढरं. साहेबांनी ते सदऱ्याच्या आत घालून बसनं घरी आणलं आणि नाव ठेवलं सोयाबीन. दुसरं कुठलं नाव त्यांना सुचणार होतं म्हणा! आणल्याच्या आठवड्यातच ते पिल्लू फिनेलनं धुतलेल्या न्हाणीतून फिरून आलं, कोपऱ्यात बसून पाय चाटले आणि तोंडाला फेस आला. कसंबसं वाचलं. साहेबांचं फिनेलशी वैर सुरू झालं ते तेव्हापासून, आणि माझ्या दुकानाची साडेसातीही.

घरात मात्र मांजरीला कट्टर विरोधक होता. वैनी. साहेबांची बायको. वैनींचं माहेर हैद्राबादचं, बोलणं ठसक्यात आणि राहणं टापटीप. त्यांच्याकडे एक गालिचा होता. लोकरीचा, डाळिंबी रंगाचा, मधोमध मोठं फूल आणि कडेनं वेल. हैद्राबादला स्वतः दुकानं पालथी घालून त्यांनी तो निवडला होता आणि रेल्वेच्या डब्यात भांडून जागा करून परभणीला आणला होता. कितीतरी वर्षं तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर पडून होता. लेकीचं लग्न ठरवायची वेळ आली की अंथरायचा, असा त्यांचा बेत. लेक नांदेडला नोकरीला लागली, स्थळं यायला लागली, आणि वैनींनी गालिचा खाली काढून बैठकीत अंथरला.

दुसऱ्या दिवशी सोयाबीन त्यावर मुतली. बरोब्बर मधल्या फुलावर.

वैनींनी घर डोक्यावर घेतलं. त्यांचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला. "अवो, येत्या रविवारी पाव्हने यायलेत पोरीला बघायला! घरात पाय टाकल्या टाकल्या मुताचा वास! काय इज्जत ऱ्हाईल आपली? तवर वास गेला तर ठीक, न्हाई तर हे मांजर पोत्यात घाला अन् पोखर्णीला नरसिंव्हाच्या देवळामागं सोडून या. परसाद लय असतोय तितं. अन् नरसिंव्ह म्हंजे तिच्याच कुळातला देव हाय, सांभाळील तिला!"

 थोड्या वेळानं साहेब माझ्या दुकानात आले. चेहरा पार उतरलेला. मांजर पोत्यात घालून लांब सोडून यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत; त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण साहेबांना ती ऐकवतही नव्हती. मी गालिचे धुवायच्या फेसाचा डबा पुढे केला. म्हटलं, "साहेब, आजच्या दिवस तरी हट्ट सोडा. एका फवाऱ्यात वास गायब."

त्यांनी डबा उलटा करून वाचला आणि परत ठेवला. "वास गायब हुईल. ती त्याच्यावर लोळती, शेठ. मंग अंग चाटती. सिरका द्या. खायचा सोडा द्या. अन् रिठे."

मग साहेबांचं काम सुरू झालं. तुम्हीही कधी घरात मांजर किंवा कुत्रं पाळलंत, तर हे ऐकून ठेवा, कारण आमच्या कॉलनीत हे ज्ञान फुकट आणि सक्तीनं मिळायचं. ओल दिसली की जुन्या धोतराची घडी वर ठेवून तळहातानं दाबायचं. "दाबायचं, घासायचं न्हाई! घासलं की आत जातंय," हे त्यांचं पालुपद. पाणी गारच घ्यायचं, ऊन पाण्यानं वास पक्का बसतो. सिरक्यात बरोबरीनं पाणी घालून तो आधी कोपऱ्यात लावून बघायचा, रंग निघत नसेल तरच डागावर. पुन्हा दाबायचं. वाळल्यावर वर सोडा भुरभुरवायचा आणि तो झाडून निघेपर्यंत मांजरीला दुसऱ्या खोलीत कोंडायचं. शेवटी रिठ्याच्या पाण्याचा नुसता फेस घेऊन सगळ्या गालिच्यावरून हात फिरवायचा. साहेब धोतराचा काचा मारून गालिच्यावर रांगत हे सगळं करत आणि कोंडलेली सोयाबीन दाराआडून ओरडत असे.

गालिचा खरंच लख्ख झाला. मी स्वतः नाक लावून बघितलं. वैनीही नाइलाजानं म्हणाल्या, "जमलं म्हनायचं."

कोंडलेल्या खोलीचं दार उघडलं. सोयाबीन डौलात आली, फुलावर बसली आणि पुन्हा मुतली.

पुन्हा धोतराची घडी, पुन्हा सिरका, पुन्हा सोडा. पुन्हा दार उघडलं, पुन्हा तेच. आठवडाभर हाच उद्योग चालला. साहेबांचे गुडघे सोलून निघाले. येणारे-जाणारे विचारत, "काय साहेब, पेरणी झाली का?" कॉलनीतल्या बायका आपापल्या घरातले उपाय सांगून गेल्या; कुणी म्हणालं ताक टाका, कुणी म्हणालं राख टाका, आणि एका बाईनं गंभीरपणे सुचवलं की मांजरीला दृष्ट लागली असेल, मिरच्या ओवाळा. वैनींनी माळ्यावरून एक रिकामं पोतं काढून दाराशी आणून ठेवलं.  साहेब येता-जाता त्या पोत्याकडे बघत आणि मान फिरवत.

रविवार उजाडला. पाहुणे दुपारी यायचे होते. साहेब सकाळीच दुकानात आले आणि म्हणाले, "कापूर द्या. चांगला द्या. अन् नीलगिरीचं तेल."

मला राहवलं नाही. "साहेब, याचं लेबल नाही वाचायचं?"

"कापराला कसलं लेबल?" ते चिडले. "झाडाची वस्तू हाय. देवाला लावतो आपन."

आणि फवारासाहेबांनी अखेर फवारा काढलाच. गुलाबाच्या झाडांवर पाणी मारायचा एक हातपंप त्यांच्याकडे होता. तेलात कापूर विरघळवला, पाण्यात ढवळला आणि गालिच्यावर असा काही मारला की अख्खी बैठक देवळासारखी घमघमली. वैनी खूश झाल्या. दाराशी ठेवलेलं पोतं त्यांनी स्वतः उचलून आत ठेवलं. साहेबांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ बसून चहा घेतला.

सोयाबीनला तो वास आवडला की काय, देव जाणे. ओल्या गालिच्यावर ती मनसोक्त लोळली आणि मग खिडकीत बसून अंग चाटू लागली. थोड्याच वेळात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उठून चालायला गेली तर मागचे पाय लटपटले. साहेब "शेठ! शेठ!" करत अनवाणी रस्त्यावर आले. मी शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली.

मांजर भाजीच्या पिशवीत, पिशवी साहेबांच्या छातीशी. गुरांचे डॉक्टर घरीच तपासतात, तिथं गेलो. डॉक्टरांनी मांजर हातात घेतली मात्र, नाक वाकडं केलं. "कापूर कुणी लावला हिला?"

"मी," साहेब म्हणाले.

"आणि नीलगिरी पण? अहो, हे मांजरांना विष आहे. देवाला चालतं म्हणून मांजराला चालत नाही. आधी अंग धुवू हिचं."

साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. ते मला म्हणाले, "तुमी जा शेठ, पाव्हने यायलेत. तुमच्या वैनीला सांगा, तो गालिचा काढा पयला."

मी परत आलो. वैनींनी डोक्याला हात लावला. पण बाई मोठी खंबीर. आम्ही दोघांनी मिळून तो ओला गालिचा ओढत नेऊन गच्चीच्या कठड्यावर टाकला, फरशी पुसून घेतली, आणि मी माझ्या घरचं जाजम आणून अंथरलं. ज्या गालिच्यासाठी हे महाभारत झालं, तो पाहुण्यांनी पाहिलाच नाही.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याचे आईवडील. मुलाचे वडील जाडजूड, मिशीवाले, शेती राखून असलेले. बसता बसता त्यांनी विचारलं, "पोरीचे वडील दिसंनात?"

वैनींचा फोन तेवढ्यात वाजला होता. दवाखान्यातून साहेब बोलत होते. वैनींनी फोन ठेवला, पदर सावरला आणि शांतपणे सांगितलं, "दवाखान्यात गेलेत. मुतखड्याचं निघालंय."

मुलाच्या वडिलांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनाही मुतखडा होऊन गेला होता. आमच्याकडे बोअरचं पाणी असं आहे की चार माणसं जमली तर त्यातल्या दोघांना तरी झालेला असतोच. "लय बेकार दुखनं, वैनी. मी तर जमिनीवर लोळलो. कुळीथ द्या त्यायला. कुळथाचं पाणी." मुलाच्या आईनं पानफुटीच्या पानांचा उपाय सांगितला. वैनींनी स्वतःच्या मुतखड्याची कथा सांगितली. बघता बघता दोन्ही घरं अशी जवळ आली की पोह्यांच्या आधीच सोयरीक जमते की काय, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. साहेब उतरले. अंगावरचा सदरा ओला, हातात भाजीची पिशवी, आणि पिशवीतून सोयाबीनचं डोकं बाहेर.

मुलाच्या वडिलांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. "मुतखडा कुनाला झालाय म्हनलात?"

वैनींची मान खाली गेली. आतून पोह्यांच्या बशा घेऊन लेक येत होती. ती सरळ म्हणाली, "मांजरीला."

आता तरी साहेबांनी नमस्कार करावा, दोन शब्द बोलावेत, झालं ते हसण्यावारी न्यावं. पण नाही. साहेब उंबऱ्याच्या आत उकिडवे बसले आणि पाहुण्यांच्या मांडीशी नाक नेऊन जाजमाचा वास घेतला.

"शेठ, कशानं धुतलं हे?"

"फिनेलच्या पाण्यानं," मी पुटपुटलो. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"पाव्हनं, जरा उठा," साहेब म्हणाले. "तिला खाली ठेवायची हाय."

पाहुणे उठले. साहेबांनी जाजम गुंडाळून बाहेर नेऊन ठेवलं, कोरड्या फरशीवर धोतराची घडी घातली आणि मांजर तिच्यावर निजवली. पाहुण्यांनी उभ्यानंच चहा घेतला. मुलाची आई तर दाराकडे तोंड करून प्यायली. दुसऱ्या दिवशी निरोप आला: मुलगी चांगली आहे, पण घरातलं वळण जरा वेगळं वाटलं.

लेक हसली. म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं त्यांना." वैनी मात्र साहेबांशी बोलेनात. संध्याकाळी मी जाजम न्यायला गेलो तेव्हा साहेब ओसरीवर एकटेच बसले होते. आत बघतो तर वैनी मांजरीचं डोकं मांडीवर घेऊन थेंब थेंब औषध पाजत होत्या.

"मला झाला तवा मी भिंतीला डोकं आपटून घेतलं, भावजी," त्या मला म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी वरडले. हिला सांगता बी येत न्हाई. दुखलं की मऊ जागा बघून बसत आसंल बिचारी. अन् आमी नुसतं वास, वास करत ऱ्हायलो."

बाहेर आलो तर साहेब म्हणाले, "शेठ, मी गालिचाच बघत बसलो हो. मांजरीकडं बघायचं ध्यानातच न्हाई आलं." मला त्यांची फार कीव आली. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी जाजम काखेत मारलं आणि घरी आलो.

सोयाबीन बरी झाली. डॉक्टरांनी तिला वेगळं खाणं सांगितलं, पाण्याची वाटी दोन ठिकाणी ठेवायला सांगितली. गालिचा साहेबांनी रिठ्यानं इतक्या वेळा धुतला की कापूर काय, लोकरीचाही वास उरला नाही. मग तो पुन्हा बैठकीत आला. लेकीनं पुढं नांदेडला आपल्याच ऑफिसातला मुलगा पसंत केला आणि पाहण्याच्या कार्यक्रमाची भानगडच संपवली. आणि साहेब पुन्हा माझ्या काउंटरला येऊन टेकले. आता त्यांच्या प्रवचनात एक भर पडली होती.

"ताई, कापूर न्हाई टाकायचा. नीलगिरी न्हाई. झाडाचं हाय म्हनून भुलायचं न्हाई. मी भुललो. माझ्या हातानं मारत होतो मी तिला."

हे ते कुणालाही सांगत. ओळख असो, नसो. कापराची पुडी घ्यायला आलेल्या पुजारीबुवांनाही सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, झालं ते झालं, किती दिवस उगाळणार?" ते म्हणाले, "लेबल न्हाई ना त्याला. कुनीतरी सांगायला पायजे."

सोयाबीन मधूनच कधी तरी चुकायची. डॉक्टर म्हणाले होते, दुखणं उलटतं, किंवा घरात गडबड झाली की मांजरं असं करतात. मग वैनींचा आवाज यायचा, "केलं बगा पुन्हा! तुमी हायेत म्हनून चालायलंय हे. तुमच्या माघारी एक दिस ठेवनार न्हाई हिला, सांगून ठेवते!" साहेब धोतराची घडी घेऊन निमूट गुडघ्यावर बसत. पण ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं. एक दिवस दुकानात कुणी नसताना म्हणाले, "शेठ, माझ्या माघारी तुमी घ्याल का तिला?"

"काय अभद्र बोलता, साहेब! तुम्ही आम्हाला पोचवून जाल."

"त्ये सोडा. व्हय म्हना आधी. पोत्यात घालून सोडलं तर ती जगायची न्हाई. तिला बाहेरचं काय बी खायचं न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय."

मी "व्हय" म्हणालो. त्याशिवाय ते काउंटर सोडणार नव्हते.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस साहेब दूध न्यायला आले नाहीत. ऊन वर आलं तरी आले नाहीत. मी पिशवी घेऊन घरी गेलो, तर दारात माणसं जमली होती. सकाळी गालिच्यावर सोडा भुरभुरवून उठले आणि छातीत कळ आली. तेवढंच. दुधाची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं माझा अर्धा धंदा बुडवला, त्याच्यासाठी मी दुकानाचं शटर ओढून आत बसून रडलो.

दिवस झाल्यावर घर धुवायला म्हणून साहेबांचे एक नातेवाईक माझ्याकडे फिनेल मागायला आले. मी म्हटलं, संपलंय. माझ्या पाठीमागच्या फळीवर बाटल्या रांगेनं उभ्या होत्या. त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना रिठे बांधून दिले.

पाहुणेरावळे पांगले. लेक नांदेडला गेली. आणि एका सकाळी वैनींनी माझ्या नोकराबरोबर निरोप धाडला: भावजींना म्हणावं, हातगाडी घेऊन या.

 वैनी बोलल्या होत्या ते खरं करणार तर. मी दुकानातलं एक स्वच्छ पोतं घेतलं, उन्हात झटकलं, आत मऊ कापड घातलं. मांजर घरी न्यायची तर आमच्या हिला काय सांगायचं, याचा विचार करत हातगाडीबरोबर निघालो.

बैठकीत गालिचा अंथरलेला होता आणि मधल्या फुलावर मोठा ओला डाग. सोयाबीन साहेबांच्या खुर्चीखाली दबून बसली होती. तिचं पोट खपाटीला गेलं होतं. वैनी भिंतीशी बसल्या होत्या.

"हे पोतं कशाला?" त्यांनी विचारलं.

"सोयाबीनला न्यायला," मी म्हणालो. "साहेबांना शब्द दिला होता मी. तुम्ही काळजी करू नका, माझ्या घरी राहील."

वैनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि आवाज मात्र पहिल्यासारखाच ठसक्यात निघाला. "तुमच्याकडून शब्द बी घेऊन ठेवला व्हय? इतकी वर्सं संसार केला, अन् माझं बोलनं खरं वाटलं त्यायला?"

 मी पोतं हातात चुरगाळत उभा राहिलो.

"ठेवा ते पोतं. गालिच्यासाठी बोलावलंय तुमाला. उचला."

"वैनी, अहो, तुमच्या हौसेचा गालिचा!"

"हौस होती. आता त्याच्यावर कोन येऊन बसनार हाय? अन् माझ्यानं गुडघ्यावर बसून त्ये दाबनं होत न्हाई. रोज ती करायली, अन् करून मलाच भ्यायली. कालपासून खुर्चीखालून निघंना. कुनाला बी द्या. न्या."

मी आणि हातगाडीवाल्यानं गालिचा गुंडाळला. लोकर जड, त्यात ओली. दोघांनी खांद्यावर घेऊन तो दारातून वाकडा करून बाहेर काढला. बैठक एकदम मोठी आणि रिकामी दिसायला लागली. हातगाडीवर गालिचा टाकून मी दोरी आवळत होतो, तेव्हा मागून वैनींचा आवाज आला. त्या खुर्चीपुढे फरशीवर बसल्या होत्या आणि हात खुर्चीखाली लांबवला होता.

"ये, माय. भिऊ नको. आता कुटं बी कर."